लवाट्यांचं विजेवरचं मँडोलिन

"त्यात काय आहे?" हे तीन शब्द श्रीनिवास लवाट्यांच्या तोंडून निघाले की त्यांच्या पत्नी नीरजाबाई घरातला मेन स्विच बंद करायला उठतात. हा चाळीस वर्षांचा रिवाज आहे. गीझर तापेना, त्यात काय आहे. मिक्सर फिरेना, त्यात काय आहे. नारायण पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लवाट्यांनी अजून उघडली नाही अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे फ्रिज, आणि तोही वॉरंटी संपेपर्यंतच सुरक्षित आहे. "यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडत नाही," नीरजाबाई आल्यागेल्याला सांगतात, "कारण ती पुन्हा चालतच नाही."

हे जरा अन्यायाचं आहे. लवाटे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं ते खांबावर चढले, केबलच्या खड्ड्यात उतरले, आणि लाइनमधला बिघाड शोधण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. पण ती झाली नोकरी. माणूस म्हणून लवाटे जगले ते रविवारी आणि सणासुदीला, 'सांजसूर' नावाच्या ऑर्केस्ट्रात, मागच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर मँडोलिन घेऊन. एकतीस वर्षं. गायिका लग्न होऊन अमेरिकेला गेल्या, निवेदकांचे केस गेले, मूळ मालक वारले आणि त्यांचा मुलगा सलिल सगळं बघू लागला, पण ती खुर्ची लवाट्यांचीच राहिली.

जुन्या गाण्यांत मँडोलिनला फार काम नसतं. चार सेकंदांचा एक तुकडा, कधी सहा सेकंदांचा. त्या सहा सेकंदांसाठी लवाटे अर्धा-अर्धा तास मुकाट बसून असत. मग तो तुकडा येई, आठ तारांवरून त्यांचा हात थरथरत जाई, आणि पुढच्या रांगेतले चार पांढऱ्या केसांचे श्रोते डोळे मिटून घेत. गायकाला वाटे, आपल्यासाठी मिटले. लवाटे त्याचा गैरसमज दूर करायला जात नसत. त्यांना स्वतःला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

गेल्या मार्चमध्ये सलिलने त्यांना तालमीनंतर थांबवलं. तालमी शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होत, लग्नाचे मुहूर्त नसतील तेव्हा. सलिल पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. गोड बोलणारी माणसं 'जरा थांबता का' म्हणाली की लवाटे आधी चपला शोधतात.

"काका, मँडोलिनचा माइक शिट्टी मारतोय हो," सलिल म्हणाला. "मागच्या दोन्ही प्रोग्रॅमला मारली. साउंडवाला वैतागलाय. बाकी सगळे डायरेक्ट लाइनवर आहेत, तुमचा एकट्याचा माइक उघडा राहतो."

"मग?"

"मग म्हटलं, दिवाळी पहाटपासून मँडोलिनचे पीस साईला कीबोर्डवर घेऊ देत. तुम्ही या ना. तुम्ही आम्हाला हवेच आहात."

"येऊन काय करू? खुळखुळा वाजवू?"

सलिल हसला, पण ओशाळून. "तुमच्याकडे इलेक्ट्रिक मँडोलिन असतं तर प्रश्नच नव्हता, काका. वायर खोचली की झालं. बघा, मिळालं कुठे तर. दिवाळीला अजून सात महिने आहेत."

"कीबोर्डवरचं मँडोलिन मी ऐकलंय," लवाटे म्हणाले. "पावभाजीवाला तव्यावर उलथनं आपटतो, तसं वाजतं."

कीबोर्ड वाजवणारा साई कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. वाशिमचा मुलगा, हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी करणारा, तीन वर्षांपासून ऑर्केस्ट्रात आलेला. त्याने हे ऐकलं असणार. तो पुढची वायर गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी लवाटे वाद्यांच्या दुकानात गेले. मालक पेपर वाचत होते. इलेक्ट्रिक मँडोलिन आहे का, असं विचारल्यावर त्यांनी पेपराच्या वरून पाहिलं. "इलेक्ट्रिक गिटार आहे. मँडोलिन आजकाल घेतं कोण?"

"मी घेतोय."

"मग मागवावं लागेल."

"कधीपर्यंत येईल?"

"येईल तेव्हा येईल." मालक पुन्हा पेपरात गेले.

दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता लवाटे स्वतःशीच म्हणाले, त्यात काय आहे? लाकूड, तारा आणि चुंबक. घरी येऊन त्यांनी तेच मोठ्याने म्हटलं, आणि नीरजाबाई मेन स्विच बंद करायला उठल्या.

"बसा," लवाटे म्हणाले. घरात चिडले की ते बायकोला अहो-जाहो करतात. "विजेचं काही उघडत नाहीये. मँडोलिन करतोय."

"कशाचं?"

"सागवानाचं."

नीरजाबाई बसल्या. शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे त्यांना अशक्य उत्तरं आली तरी चेहरा न बदलण्याची सवय होती.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये फळी मागितल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, "दरवाजा का खिडकी?" लवाटे म्हणाले, "मँडोलिन." तो म्हणाला, "किती बाय किती?" माप सांगून लवाट्यांनी फळी आणली आणि गॅलरीत कपडे वाळत घालायची जागा अडवून कारखाना थाटला. गणित सोपं होतं. आतून पोकळ असलं की वाद्य घुमतं, घुमलं की माइक शिट्टी मारतो. म्हणून हे भरीव लाकडाचं करायचं, तारांखाली चुंबकाला तांब्याची तार गुंडाळून बसवायची, आणि तारेचा थरथराट तिथूनच विजेने स्पीकरकडे पाठवायचा. टेलिफोनचा रिसीव्हर दुसरं काय करतो? लवाट्यांनी एप्रिलअखेर ही तारीख कॅलेंडरवर पेन्सिलने नव्हे, पेनने लिहिली.

एप्रिलअखेर काय झालं ते सांगतो. फळीचा भाग ठीक झाला होता. करवत, पॉलिश पेपर आणि शिव्या एवढ्यावर भागलं. पण लांब दांडीसाठी घेतलेला तुकडा आतून ओला निघाला. आठ तारा चढवून स्वरात ताणल्या, तेव्हा लवाटे खूश होऊन चहा प्यायला आत गेले, आणि चहा संपवून आले तर दांडी धनुष्यासारखी पुढे वाकलेली. तारा वर, दांडी खाली, मधून करंगळी जाईल इतकं अंतर. त्यांनी तारा सोडल्या, दांडी उपटली आणि गॅलरीच्या कठड्यावर आपटली. खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई खिडकीतून वर पाहून म्हणाल्या, "लवाटे, अजून बरंच राहिलंय का?"

"बरंच राहिलंय," लवाटे म्हणाले.

"नाही, म्हणजे आम्हाला मुलीकडे राहायला जायचं तर तसं ठरवायला बरं."

भुसा तर घरभर झाला होता. एका रविवारी थालीपीठ वाढताना नीरजाबाई म्हणाल्या, "आज भाजणीत सागवानही आहे. पचलं तर शंभर वर्षं टिकाल." लवाट्यांना हसू आलं नाही. त्या दिवसांत त्यांना कशाचंच हसू येत नव्हतं. ऑर्केस्ट्राचे उन्हाळ्यातले दोन कार्यक्रम होते आणि त्यांना निरोप आला नव्हता. म्हणजे सलिलने दिवाळी म्हटलं होतं, पण सुरुवात आधीच करून टाकली होती. फोन करून विचारायचं त्यांनी तीनदा मनात आणलं आणि तीनदा फोन खाली ठेवला. विचारलं आणि तो खरं बोलला तर काय करायचं?

दुसरी दांडी त्यांनी चांगलं वाळलेलं लाकूड घेऊन, पोटात लोखंडी पट्टी घालून केली. ती वाकली नाही. मग पडदे, म्हणजे दांडीवर आडव्या बसवतात त्या धातूच्या बारीक पट्ट्या. बोट कुठे दाबलं की कुठला सूर येणार, हे सगळं त्यांच्यावर. लवाट्यांनी युक्ती केली. आपल्या जुन्या मँडोलिनवर कागद ठेवला, पेन्सिल घासून पडद्यांचा छाप घेतला, आणि तो कागद पातळ डिंकाने नव्या दांडीवर चिकटवून रेघांवर करवत चालवली. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून पडद्यांची तार आणून एकेक पडदा हातोडीने बसवला. तीन आठवडे गेले. जूनच्या मध्यावर त्यांनी पहिल्यांदा सप्तक वाजवलं.

सा बरा लागला. रे ठीक. तिथून पुढे प्रत्येक सूर थोडा थोडा चढत गेला, आणि वरच्या सा वर पोचेपर्यंत त्याला सा म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. लवाट्यांनी तारा बदलल्या. घोडी, म्हणजे तारांखालचा टेकू, मागे घेतली, पुढे घेतली. एक सूर बरोबर यायचा तर शेजारचे दोन बिघडायचे. चार दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी उरलेला छापाचा एक कोरडा कागद दांडीला लावून पाहिला. ओल्या डिंकाने कागद फुगला होता. बाराव्या पडद्याशी जवळजवळ दोन मिलिमीटर. चौदा पडदे, तीन आठवडे, आणि पाण्यात भिजला की कागद वाढतो हे सातवीतल्या पोरालाही कळावं.

"या तारेची लांबी किती?" नीरजाबाईंनी विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"तीनशे पन्नास मिलिमीटर. का?"

त्यांनी वीजबिलाच्या पाठीमागे पेनने आकडे लिहायला सुरुवात केली. पहिला पडदा एकोणीस पूर्णांक चौसष्ट. पुढचा, त्याच्या पुढचा. बारावा बरोबर एकशे पंच्याहत्तर. पाच मिनिटांत कागद लवाट्यांच्या हातात आला.

"दर पायरीला उरलेली लांबी एकाच प्रमाणात कमी होते," त्या म्हणाल्या. "त्यात काय आहे?"

लवाट्यांच्या कानशिलाची शीर उडाली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीत."

"मला वाटलं, तुम्हाला मँडोलिनमधलं काय कळतं."

"मँडोलिनमधलं नाही कळत. भागाकार कळतो."

पडदे उपटून, खाचा भुसा आणि डिंकाने बुजवून, ते सगळं पुन्हा करायला जुलै उजाडला. पण या वेळी सूर लागले. मान्य करणं जड गेलं तरी जुन्या मँडोलिनपेक्षा खरे लागले. आता राहिलं होतं पिकअप, म्हणजे ते चुंबक आणि तारेचं वेटोळं. हे तर आपलं घरचं काम, असं लवाटे म्हणाले. माळ्यावरच्या खोक्यात खात्याच्या जुन्या रिसीव्हरांतली चुंबकं होतीच. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून केसाहून बारीक तांब्याची तार आणली. हँड ड्रिल टेबलाला आवळून बांधलं, त्याला फिरकी लावली आणि वेढे घालायला बसले.

किती वेढे घालायचे? पुस्तकांत, इंटरनेटवर लोक काहीही सांगत होते; सहा हजार, आठ हजार. लवाटे पस्तीस वर्षांत एकच गोष्ट शिकले होते, की आवाज पोचला पाहिजे. साताऱ्याला फोन लावलेल्या माणसाला आवाज गोड हवा नसतो, मोठा हवा असतो. वेढे वाढवले की आवाज वाढतो. त्यांनी चौदा हजार ठरवले.

पहिल्यांदा तार चार हजार तीनशेवर तुटली. दुसऱ्यांदा नऊ हजारांवर दाराची बेल वाजली आणि आकडा विसरला. तिसऱ्यांदा नीरजाबाई शेजारी बसून शंभराला एक अशा रेघा ओढत होत्या, तेव्हा अकरा हजारांवर तार पुन्हा तुटली. लवाट्यांनी वेटोळं भिंतीवर फेकलं. ते भिंतीवर न लागता पंख्याला लागलं आणि वितभर कापलेल्या तांब्याच्या तारा सोफ्यावर पसरल्या.

"माझ्याकडून आता काही होणार नाही," ते म्हणाले. "त्रेसष्ट वय झालं. बोटं आखडतात सकाळी. त्यांनी मला काढलंय, नीरजा. मला ते कळत नाही असं नाही. काढलंय, आणि मी इथे चुंबकाला तार गुंडाळत बसलोय."

नीरजाबाई उठल्या. त्यांनी सोफ्यावरची तार गोळा केली. मग वहीचं नवं पान काढलं आणि वर 'एक' असा आकडा लिहिला. चौथ्या वेळी चौदा हजार पुरे झाले.

त्यानंतर गुणगुण. वायर जोडली की तारा छेडायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽ. ती काढायला ऑगस्ट गेला. अर्थिंग घोडीपर्यंत नेलं तेव्हा ती थांबली. आणि ती थांबली त्याच आठवड्यात गणपती बसले, आणि दहा दिवस गल्लीत ढोल असताना मँडोलिन नव्हे, तोफ लावली असती तरी ऐकू आली नसती. सप्टेंबर संपता संपता एका दुपारी लवाट्यांनी घरच्या जुन्या टेपला वायर जोडून नीट, निवांत एक तुकडा वाजवला. नीरजाबाई शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.

"सुरात आहे," त्या म्हणाल्या.

"पण?"

"ट्रंक कॉलवर ऐकल्यासारखं वाटतंय."

"टेपचा स्पीकर जुना आहे," लवाटे एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "तिथल्या सिस्टिमवर खुलेल." आणि दोन दिवस अबोला धरला. अबोला कोण धरतो? ज्याला समोरचा खरं बोलतोय असं वाटतं तोच.

दिवाळीला दहा दिवस राहिले असताना ते मँडोलिन खांद्याला लावून शनिवार पेठेत पोचले. हॉलमध्ये सगळ्यांनी स्वागत केलं. ढोलकीवाल्याने वाद्य हातात घेऊन पाहिलं, तबलजीने लाकडावर टिचकी मारली. "घरी केलं? खरंच घरी?" सलिलच्या चेहऱ्यावर मनापासून कौतुक होतं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच लवाट्यांना वाटलं की झालं, जमलं, खुर्ची मिळाली. साउंडवाल्याने वायर खोचली. शिट्टी नाही, गुणगुण नाही. लवाट्यांनी त्यांचा आवडता सहा सेकंदांचा तुकडा वाजवला.

मोठ्या स्पीकरमधून तो आला आणि आवाज खुलला नाही. मोठा मात्र झाला. टेपवर जे ट्रंक कॉलसारखं होतं ते इथे जाड, गुळगुळीत, झाकण लावल्यासारखं झालं. चौदा हजार वेढ्यांनी आवाज पोचवला होता, फक्त त्यातली किणकिण वाटेत खाऊन टाकली होती. लवाट्यांनी पुन्हा वाजवलं, प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची पट्टी, घोडीजवळ नेऊन. साउंडवाल्याने तीन बटणं फिरवली. काही फरक पडला नाही.

"भारी वाजून राहिलंय काका," साई म्हणाला. "एकदम गिटारसारखं."

तो चांगुलपणाने म्हणाला होता. साउंडवाल्याने चौथं बटण फिरवून पाहिलं. शेवटी सलिल म्हणाला, "साई, तोच पीस तू जरा दे रे. कंपॅरिझनला."

साईने मान हलवली. "नको ना, दादा."

"अरे दे. वेळ नाहीये."

साईने कीबोर्डवर एक बटण दाबलं आणि तुकडा वाजवला. तव्यावर उलथनं आपटल्यासारखा तो अजिबात वाजला नाही. मँडोलिन वाजलं. किणकिणतं, जोडतारांचं, हवेत थरथरत राहणारं. लवाट्यांच्या अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हता. प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक टिक् येत होती. वाजवताना करंगळी वाद्यावर टेकवायची त्यांची खोड आहे. नख लाकडाला लागतं. शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याबद्दल त्यांच्या हातावर पट्टी मारली होती, तरी गेली नाही. जगात दुसऱ्या कुणाच्या मँडोलिनमध्ये ती टिक् नाही.

"हे कुठलं रे?" त्यांनी विचारलं.

साईने खाली पाहिलं. "तुमचंच आहे, काका. मी नवीन आलो होतो तेव्हा तुमच्या घरी आलो होतो ना, संडेला. तुम्ही एकेक नोट वाजवून दिली होती. हळू, जोरात, सगळी."

लवाट्यांना तो रविवार आठवला. हा मुलगा लॅपटॉप आणि माइक घेऊन सकाळी आला होता आणि संध्याकाळी गेला होता. त्यांना वाटलं होतं, पोराला वाद्याची गोडी आहे, शिकेल. एकेक सूर त्यांनी चार-चारदा वाजवला होता, आधी तारा लावून, मन लावून. नीरजाबाईंनी त्याला दोनदा जेवायला वाढलं होतं. दिवसभर वाजवून त्यांनी आपली जागा घेणारा माणूस तयार केला होता, आणि तो माणूस ते स्वतःच होते.

"म्हणजे बघा काका," सलिलचा चेहरा खुलला. त्याला खरंच वाटलं की प्रश्न सुटला. "तुम्ही आहातच की आमच्यात! प्रत्येक प्रोग्रॅमला तुम्हीच असणार."

"हो ना," लवाटे म्हणाले. "श्राद्धाला फोटो चालतो. माणूस लागत नाही."

सलिलचं हसू तिथेच राहिलं. लवाट्यांनी वायर काढली आणि ते ती हाताला गुंडाळायला लागले, पण तिसऱ्या वेढ्याला ती सुटली. ढोलकीवाल्याने उचलून दिली.

साई जवळ आला. "काका, तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो. आत्ता. डिलीट केलं की बात खतम. मग दादाला तुम्हाला घ्यावंच लागेल, माइकवर का होईना."

त्याचं बोट खरंच बटणावर होतं. काढ, हा शब्द लवाट्यांच्या जिभेवर आला होता. सात महिन्यांचा राग त्यामागे उभा होता. वाकलेली दांडी, फुगलेला कागद, पंख्याने कापलेली तार. पण तो आवाज तीन वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर त्यांची अनामिका आखडली आहे, आणि घरी, दार लावून, जुन्या चांगल्या मँडोलिनवर वाजवलं तरी तो थरथराट आता तसा सलग येत नाही. हे त्यांनी नीरजालाही सांगितलेलं नाही. आता तो फक्त या पोराच्या पेटीत उरला होता.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला धक्का लावू नकोस."

घरी त्यांनी मँडोलिन कपाटामागे उभं केलं. नीरजाबाईंना तालमीतलं सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, की या जन्मात ते सांजसूरच्या कार्यक्रमाला पाऊल टाकणार नाहीत. दिवाळी पहाटेचे दोन पास आले, ते त्यांनी फाडायला घेतले. नीरजाबाईंनी ते काढून घेतले. "मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी बसून रुसा." पहाटे पाचला उटणं लावून आंघोळ करताना लवाटे म्हणत होते, की ते फक्त बायकोला सोडायला येणार आहेत. मग म्हणाले, रिक्षा मिळणार नाही परत यायला, थांबतो. सहाला ते सहाव्या रांगेत बसले होते.

सभागृह अत्तराने आणि नव्या कपड्यांच्या वासाने भरलं होतं. मागच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या जागी आता कीबोर्डचं स्टँड होतं. तिसरं गाणं एक जुनं, संथ गाणं होतं, आणि अंतरा संपला तसा तो तुकडा आला. सहा सेकंद. लवाट्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलली, तेव्हा त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

शेजारी रेशमी झब्ब्यातले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मिटलेले डोळे उघडले आणि मान उंच करून रंगमंच धुंडाळला.

"काय मँडोलिन वाजतंय हो!" ते लवाट्यांकडे झुकून म्हणाले. "पण माणूस दिसत नाही कुठे. कोण वाजवतंय, काही कल्पना?"

दुसऱ्या अंतऱ्याआधी तुकडा पुन्हा आला. साई खाली बघून पट्ट्या दाबत होता, आणि प्रत्येक सुराआधी लवाट्यांचं नख वाजत होतं.

"मी," लवाटे म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग रंगमंचाकडे, मग परत त्यांच्याकडे. आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या हातावर टेकवलेलं आपलं कोपर त्यांनी सावकाश काढून घेतलं.